फुग्यावरचा बेडूक

जुन्या गिऱ्हाईक शिगेआज्जींच्या घरातली औषधाची पेटी उघडून एइझो जुनी पाकिटं बाहेर काढत होते, आणि नेमकं तेव्हाच त्यांना ओसाकाचं ते पत्र आठवलं. तसं ते सारखंच आठवे. हात जोडलेला बेडूक दिसला की आठवे, आणि तोयामातल्या त्यांच्या छोट्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक पाकिटावर तोच बेडूक होता.

पत्र वसंतात आलं होतं. एका मोठ्या औषध कंपनीच्या वकिलांनी फार अदबीनं कळवलं होतं, की पोटाच्या गोळ्यांवरचा बेडूक ही आमची नोंदलेली निशाणी आहे. आमच्या नोंदणीआधीपासून तुम्ही तो वापरत असाल तर पुरावा पाठवा. नाहीतर वर्षअखेर वापर बंद करा. बेडूक एइझोंच्या आजोबांनी काढलेला. तो नोंदवून ठेवावा, असं मात्र घरात कुणालाच सुचलं नव्हतं.

उत्तर लिहायला एइझो रोज बसत. आधी ऋतूविषयी दोन ओळी, मग मजकूर, अशी रीत. चेरीच्या बहरावरचं वाक्य मनासारखं जमेपर्यंत पाकळ्या गळून गेल्या. मग त्यांनी पावसावर लिहायला घेतलं. ते घासूनपुसून होईतो उकाडा सुरू झाला. आता लाल पानंही झडत आली होती.

"तुम्ही मजकुरापर्यंत पोचाल तोवर आपण दोघंही नसू," बायको तोमिए म्हणे. "आणि पोचून तरी काय लिहाल? पुरावा कुठंय?"

तेही खरंच. घरोघरी पेटी ठेवायची, वर्षाकाठी फेरी मारून वापरलेल्याचे पैसे घ्यायचे, आणि उरलेलं जुनं औषध उचलून नवं भरायचं, असा हा धंदा. जुनं पाकीट गिऱ्हाइकाकडे राहू द्यायचं नाही, हे घराण्याचं व्रत. ते इतकं कडक पाळलं होतं, की पुराव्याला चिटोरंही उरलं नव्हतं.

"काय औषधवाले, बेडकाकडं काय बघत बसलात? तो काही बोलायचा नाही," शिगेआज्जी म्हणाल्या.

"यंदा थंडी जरा लवकरच..."

"थंडीचं राहू द्या. झालंय काय ते सांगा."

एइझोंनी सांगितलं. आज्जी गुडघे धरून उठल्या आणि देव्हाऱ्यामागून एक चौकोनी कागदी फुगा घेऊन आल्या. पूर्वी औषधाबरोबर पोरांना असे फुगे फुकट मिळत. फिकट झालेला बेडूक त्यावर हात जोडून उभा होता. खाली कुंचल्यानं, वेड्यावाकड्या अक्षरांत: मोरिओ, इयत्ता दुसरी, आणि साल. कंपनीच्या नोंदणीच्या कितीतरी आधीचं.

"तुमच्या वडिलांनी दिलेला. माझ्या पोरानं, मोरिओनं फुगवलाय."

फुगा चपटा करून पाकिटात घालावा, म्हणून एइझोंचं बोट वरच्या भोकाशी गेलं.

"हां हां. हवा सोडायची नाही."

"पण आज्जी, टपालानं पाठवायचा म्हणजे..."

"मोरिओ आता नागोयाला असतो. टक्कल पडलंय. नवीन वर्षाला फोन करतो, तोही घाईत. यात आहे ती सात वर्षांच्या पोराची फुंकर. न्यायचा तर असाच न्या, आणि असाच परत आणा."

भोक उघडंच होतं. एइझोंनी पुष्कळ पुस्तकं वाचली होती. त्या भोकातून इतक्या वर्षांत काय काय निघून गेलं असेल, हे त्यांना कळत होतं. तरीही फुगा त्यांनी दोन्ही तळहातांवर घेतला.

दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीत कारकुनानं भलामोठा खोका काट्यावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"आजोबा, आत काही घातलंय ना?"

"घातलंय."

"फुटण्यासारखं?"

"नाही. दबण्यासारखं."

खोक्याची झाकणं नुसती मिटलेली होती, चिकटपट्टी लावायची होती. बरोबर आलेल्या तोमिएनं झाकण उघडून वरची चिठ्ठी वाचली आणि मागची बाजूही पाहिली.

"अहो, ऋतू कुठंय?"

"राहू दे ऋतूचं," एइझो म्हणाले.

तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली. 'बेडूक आमचा आहे. साल फुग्यावर आहे. पाहून झाल्यावर फुगा न दाबता परत पाठवावा. आतली हवा आमची नाही.'

चिठ्ठी आत ठेवून तिनं खोक्याला चिकटपट्टी लावली. कारकुनानं शिक्का उचलला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, अगदी हलक्या हातानं मारला.