लिंक्डइनवर पप्पा

संघमित्राने लिंक्डइनवर आपलं पहिलं सर्टिफिकेट टाकलं, आणि त्याच आठवड्यात पप्पांनीही तिथे खातं उघडलं. राजाराम महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झाले होते. आता पोरीचं कौतुक करण्याखेरीज त्यांना दुसरी ड्यूटी उरली नव्हती. गोवंडीत त्यांच्या गल्लीत कुणी दहावी पास झालं तरी विहाराच्या कोपऱ्यावर फोटोचा फ्लेक्स लागतो आणि खाली शुभेच्छुकांची नावं. त्यांच्या हिशेबी लिंक्डइन म्हणजे तसलाच फ्लेक्स, फक्त नाका जरा मोठा.

त्यामुळे सर्टिफिकेटखाली पहिली कमेंट त्यांचीच पडली. ‘जय भीम बाळा. तुझी आजी सुंदराबाई डोक्यावर घमेली वाहायची, आज तू एक्स्पोर्टचा कोर्स केलास. समाजाला तुझा अभिमान आहे. तुझा पप्पा.’ एवढ्यावर थांबले तर ते राजाराम कसले! तिच्या ऑफिसातल्या झाडून सगळ्यांना त्यांनी रिक्वेस्ट पाठवली आणि प्रत्येकाला लिहिलं, ‘मी संघमित्राचा पप्पा. पोरीकडे लक्ष असू द्या.’

“तुझे पप्पा झकास आहेत यार,” शेजारच्या टेबलावरची मानसी हसत म्हणाली. “पण अंधेरीच्या जागेसाठी अप्लाय केलंयस ना? ते लोक प्रोफाइल बघतात गं. साफ कर ते सगळं.”

अंधेरीची जागा संघमित्राला मनापासून हवी होती. इथे ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांची बिलं टाइप करत होती. तिथे अख्खं डॉक्युमेंटेशन तिच्या हाताखाली येणार होतं. आजीच्या घमेल्यांची तिला लाज नव्हती. भीती होती ती कमेंटच्या पहिल्या दोन शब्दांची. मागे एका इंटरव्ह्यूत साहेबाने आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग नुसतं ‘अच्छा’ म्हणाला आणि फाइल मिटली. तो ‘अच्छा’ ज्याने ऐकलाय त्यालाच कळतो.

तिने कमेंट उडवली. जेवताना सांगून टाकलं, “पप्पा, तिथे घरचं काही लिहीत नाहीत. सगळे कामापुरते असतात. बाळा-बिळा, समाज-बिमाज नको.”

“बरं,” राजाराम म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला. का, ते विचारलं नाही. त्यांना कळलं नसेल असं समजणं म्हणजे वेडेपणाच. तो ‘अच्छा’ त्यांनी नोकरीभर ऐकला होता. त्यांनी विचारलं नाही म्हणून संघमित्राला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर झाला. अनुपमा मॅडम तिथल्या हेड. त्यांनी कस्टम्सचे कागद, अडकलेला माल, भांडकुदळ एजंट, सगळं खोदून खोदून विचारलं. गाव विचारलं नाही. शेवटी म्हणाल्या, “प्रोफाइल छान नीटनेटकं ठेवलंय तुम्ही.” नोकरी मिळाली.

रुजू झाल्यावर तिने नव्या जागेचा फोटो टाकला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून ती अभिनंदनं वाचत बसली. कधी तोंडही न पाहिलेली माणसं खूश झाली होती. त्यांच्यामध्येच एक इंग्रजी कमेंट होती: ‘काँग्रॅच्युलेशन्स मॅडम. विश यू ऑल द बेस्ट. रिगार्ड्स, राजाराम.’

तिने नावावर बोट दाबलं. पप्पांनी खात्यावरचं आडनाव काढून तिथे नुसतं एक अक्षर ठेवलं होतं. त्यांचा विहारातला फोटोही गेला होता. तिने डबा झाकून ठेवला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा राजाराम चष्मा लावून फोन घेऊन बसलेच होते.

“संघू, वाचलंस ना? इंग्रजी बरोबर आहे? बाकीच्यांचं बघून बघून लिहिलं.”

“बरोबर आहे पप्पा.”

“मग झालं तर,” ते समाधानाने म्हणाले. “आता तू माझी मुलगी आहेस हे कुणाला कळणार नाही.”

बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला निदान भांडता तरी आलं असतं.