आधी मलम

लग्न ठरले त्याच सुमारास मला अवघड जागेचे दुखणे जडले. पुढची कातडी आवळून मागे सरकेनाशी झाली. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, इस्पितळात कंपाउंडर असल्यामुळे लाज बाजूला ठेवून मी त्यांना शरण गेलो. त्यांनी सर्जनसाहेबांशी परस्पर बोलून सर्व ठरविले आणि माझी सुंता झाली. टाके निघाल्यानंतर तेथील परिचारिकेकडून मला कळले की, साहेबांनी आधी मलम लावून पाहण्यास सांगितले होते. परंतु मलमे चोळत कोण बसतो, असे म्हणून भावोजींनीच माझ्या वतीने नकार कळविला होता.

एवढ्यावर ते थांबते तर मी तो घोट गिळला असता. परंतु मी पडलो शिंपी. लग्नाच्या जेवणात, भरल्या ताटांसमोर, त्यांनी मला 'कतरण', म्हणजे कापून उरलेली चिंधी, ही पदवी बहाल केली. ती इतकी चिकटली की गिऱ्हाइकेसुद्धा "कतरणशेठ, पँट झाली का?" असे विचारू लागली. मी वर्षानुवर्षे मशीनवर बसून वरून हसत आणि आतून धुमसत राहिलो.

यंदा भावोजींना मधुमेहाने गाठले आणि त्यापाठोपाठ नेमके तेच दुखणे आले. स्वतःच्या इस्पितळात दाखवावे तर चारचौघांत शोभा होणार. म्हणून त्यांनी दुकानाचा पडदा ओढून, आवाज खाली आणून, दूरच्या दवाखान्यात सोबत येण्याची मला गळ घातली. तुला अनुभव आहे, असेही म्हणाले. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. तथापि चेहरा गंभीर ठेवून मी होकार दिला.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. भावोजींनी तोंड उघडण्यापूर्वीच मी पुढे झालो.

"बाई, मलमाच्या नादी लागू नका. सरळ कापून टाका. यांच्या वतीने मी सांगतो."

भावोजी पांढरेफटक पडले. मला काय काय ठाऊक आहे, ते त्यांना त्या क्षणी उमगले.

"दुखणं तुमचं आहे का?" बाईंनी मला विचारले.

"नाही."

"मग बाहेर बसा."

पातळ फळीच्या आडून मला सर्व ऐकू आले. साखर आटोक्यात आणा, काही आठवडे मलम लावा. कातडी सैल झाली नाही तर लहानसा छेद देऊन मोकळी करता येते, काही काढून टाकावे लागत नाही. कातडी पांढरी व कडक झाली असती तर सुंताच योग्य ठरली असती, असेही त्या म्हणाल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "ठरवायचं तुम्ही." हे शब्द मला कोणीही ऐकविले नव्हते. माझा संताप दुणावला. ज्याला कापलेला पाहण्यास मी आलो होतो, तो खिशात ट्यूब घालून बाहेर आला.

रस्त्यात त्यांनी गुप्ततेचे वचन मागितले. मी अट घातली: पुतणीच्या लग्नाच्या कपड्यांची मापे देण्यास नातलग येतील, तेव्हा सर्वांसमोर खरे सांगायचे. ते चिडले, मग गयावया करू लागले. मी बधलो नाही. अखेर ते कबूल झाले आणि बाहेर कोणापाशी बोलणार नाही, असे वचन मी दिले.

ठरल्याप्रमाणे दुकानात सर्व जमले. भावोजी जमिनीकडे पाहत म्हणाले, "डॉक्टरांनी याला मलम सांगितलं होतं. मी परस्पर नाही म्हटलं. चूक माझी होती."

कोणी हसले नाही. माझी बहीण त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली. माझे समाधान होईल असे वाटले होते. ते झाले नाही.

तेवढ्यात काजे करीत बसलेल्या माझ्या पत्नीने दाताने दोरा तोडला.

"आणि तुम्हाला त्या मलमाने गुण आला का, भावोजी?"

दुकानात हशा पिकला. भावोजी माझ्याकडे वळले. "बाहेर बोलणार नव्हतास ना?"

"बायको काय बाहेरची आहे?" मी म्हणालो.

माप न देताच ते पायऱ्या उतरले. त्यांचे कापड फळीवर तसेच पडले आहे. मी त्याला हात लावलेला नाही.