उजवा हात सोडून

भूल दिल्यावर आपला हात कोण सांभाळणार, हा एकच प्रश्न सुईबाईच्या डोक्यात आठवडाभर घोळत होता.

ऑपरेशन तसं काही मोठं नव्हतं. पित्ताशयात खडे झाले होते आणि दोनदा पोटात अशी कळ उठली होती की जमिनीवर गडाबडा लोळायची वेळ आली. दुर्बिणीतून काढू, तासाभराचं काम, दुसऱ्या दिवशी घरी, असं सर्जन म्हणाले होते. पोटाची तिला धास्ती नव्हतीच. धास्ती होती ती उजव्या हाताची, आणि त्या हाताचा पित्ताशयाशी काहीएक संबंध नव्हता.

तीन वर्षांपूर्वी उजव्या स्तनाच्या कॅन्सरसाठी तिच्या काखेतल्या एकोणीस गाठी काढल्या होत्या. अंगात झिरपलेलं पाणी परत वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या या गाठींमधून जातात. गाठी गेल्या की हाताचा निचरा जेमतेम चालतो. एरवी भागून जातं. पण जखम झाली, जंतू शिरले, दंड आवळला गेला, तर पाणी साचून हात सुजू शकतो, आणि एकदा मुरलेली सूज पुरती जात नाही. लिम्फेडिमा म्हणतात त्याला. त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, असं तिला तेव्हाच बजावलेलं होतं.

गेल्या वर्षी तापाने फणफणलेली असताना एका दवाखान्यात कोणीतरी उजव्याच दंडाला पट्टा गुंडाळला आणि आकडा नीट येईना म्हणून तीनदा फुगवला. तिला तोंड उघडायचीही शुद्ध नव्हती. पंधरा दिवसांनी त्याच हातातल्या घड्याळाचा पट्टा दोन भोकं सैल करावा लागला. हात त्या पट्ट्याने सुजला, की तापाने, की तो सुजणारच होता, हे तिला ठामपणे सांगता आलं नसतं. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नसतं, हे तर ती प्रयोगशाळेतल्या नव्या मुलींना स्वतःच शिकवत असे. पण सूज ती सूज. दोन महिने तिच्या उजव्या तर्जनीला कातडीखालची शीर कळेना.

आणि ती तर्जनी म्हणजेच तिची नोकरी होती. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये ती रक्त घ्यायची. इतरांनी दोनदोनदा टोचून सोडून दिलेले हात शेवटी तिच्याकडे यायचे. ती डोळ्यांनी शोधायचीच नाही, बोट ठेवायची, जरा थांबायची, आणि म्हणायची, "आहे की इथे, लपून बसलीय." सुईबाई हे नाव एका पाच वर्षांच्या पोरीने रडता रडता ठेवलं आणि ते सगळ्या लॅबने उचललं. सूज होती ते दोन महिने सुईबाई खिडकीत बसून लोकांची नावं लिहून घेत होती. ते दिवस तिला परत नको होते.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी भूलतज्ज्ञाने तिला तपासायला बोलावलं. उंच, घाईतला, पस्तिशीचा माणूस. त्याने तिचा डावा हात उलटासुलटा करून पाहिला. केमोच्या औषधांनी त्या शिरा केव्हाच करपून गेल्या होत्या.

"इथे तर काहीच शिल्लक नाही हो," तो म्हणाला, आणि उजवा हात पाहून त्याचा चेहरा उजळला. "ही बघा! याला म्हणतात शीर. पाण्याची पाइपलाइनच."

"ती फक्त बघायची," ती म्हणाली. "वापरायची नाही."

तिने कारण सांगितलं. त्याने मान हलवली, पण ऐकलेल्या माणसाची नव्हे, हे आधीही ऐकलंय अशा माणसाची.

"हे आता जुनं झालं. नवे अभ्यास वाचलेत तर एकदोन सुयांनी काही होत नाही असंच निघतंय."

"वाचलेत मी. त्यातल्या बऱ्याच बायकांच्या दोन-चारच गाठी काढलेल्या होत्या. माझ्या एकोणीस काढल्यात, वर रेडिएशन, आणि एकदा सूज येऊन गेलीय. माझ्यासारख्या त्यात किती होत्या ते सांगा."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही करता काय?"

"रक्त घेते. लॅबमध्ये."

"मग तर तुम्हाला कळायला हवं. ऐनवेळी जी शीर सापडेल ती आपली."

कधीकाळी हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, ती स्वतः एका बाईला बोलली होती. ती बाईही हात मागे घेत होती. सुईबाईने "काही होत नाही हो, मावशी" म्हणत तो हात पुढे ओढला होता आणि एका झटक्यात नळी भरली होती. पुढे त्या बाईचं काय झालं, तिने कधी विचारलं नाही.

भूलतज्ज्ञाने फाइलमध्ये एक ओळ लिहिली. तिने ती उलट्या बाजूनेही वाचली: उजवा हात शक्यतो टाळावा.

"शक्यतो!" घरी आल्याआल्या तिने पर्स खुर्चीवर आदळली. "आणि भूल दिल्यावर काय शक्य आहे ते ठरवणार तेच. मी तर निपचित पडलेली."

नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. हाताला ग्रीस असल्यामुळे तो कोपराने नळ उघडत होता. "म्हणजे मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलोय आणि वर पाटी लावलीय, 'शक्यतो बटण दाबू नये.'"

"चेष्टा सुचतेय तुम्हाला."

"चेष्टा नाही. आम्ही पाटीवर विसंबत नाही. मेन स्विच खाली ओढायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली खड्ड्यात उतरणाऱ्याच्या खिशात. पाटी वाचायला माणसाने थांबावं लागतं, आणि घाईतला माणूस थांबत नाही. कुलूप त्याला थांबवतं."

"हाताला कुलूप घालू का आता?"

तो हात धूत राहिला. मग ओल्या हातांनीच वळला. "ते थंडीत नळांना गुंडाळतात ना, तसं गुंडाळलं तर?"

जेवणाच्या टेबलावर त्यांनी ते करून पाहिलं. खाली पातळ कापूस, वर जाळीदार पट्टी, मनगटापासून काखेपर्यंत. कुठेही आवळायची नाही. तिने प्रत्येक वेढ्याखाली दोन बोटं घालून बघितली आणि चारदा सोडायला लावली.

"किती चिकित्सा करशील!"

"ती आवळली तर मीच माझा हात सुजवेन. तुमचं कुलूप नाहीये हे."

बोटं उघडी ठेवली, नखांचा रंग दिसावा म्हणून. शेवटी पांढऱ्या चिकटपट्टीवर तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'लिम्फेडिमाचा धोका. सुई, पट्टा नको. ही पट्टी कापणाऱ्याने नाव, वेळ आणि कारण इथे लिहावं.' खाली तीन रेघा मारल्या.

"बास," नवरा म्हणाला. "सही म्हटलं की आमचा साहेब मागच्या दाराने पसार होतो."

तिला हसू आलं, पण टिकलं नाही. डॉक्टरांनी चिडून ऑपरेशनच रद्द केलं तर? आणि खरंच काही बिनसलं, जीव वाचवायला तीच शीर लागली, आणि कोणी या कागदी कुलपापाशी अडखळलं तर? हा दुसरा विचार पहिल्यापेक्षा वाईट होता.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी थिएटरबाहेरच्या खोलीत ती पट्टी पाहून भूलतज्ज्ञ जागीच थबकला.

"हे काय नवीन?"

"आठवण," ती म्हणाली.

त्याने ओळी वाचल्या. कान लाल झाले. "माझ्यावर विश्वास नाही असं समजू का?"

"तुमच्यावर आहे. घाईवर नाही."

थिएटरची सिस्टर, जाडजूड, चष्मा नाकावर आलेला, पलीकडे हातमोजे मोजत होती. ती तोंड फिरवून खोकली. ते हसणं होतं हे सगळ्यांना कळलं.

"आणि जिवावर बेतलं तर?" तो म्हणाला. "मी पेन शोधत बसू?"

"तेव्हा सही-बिही काही नको, सरळ कापा. मला हात हवाय, पण तो वापरायला मीही हवीच ना." "पण त्याआधी पाय बघा. घोट्याच्या आतल्या बाजूची शीर बहुतेकांना असते, ठरलेल्या जागी. बीपी पोटरीवर घ्या. एवढंच मागतेय."

त्याने तिच्या पायाकडे नजर टाकली. मग म्हणाला, "पायाच्या शिरेत गुठळी व्हायची शक्यता जास्त असते, माहितीये?"

"माहितीये. एका दिवसासाठी तो धोका चालेल मला. लिहून देऊ?"

"तुमचं लिहिणं पुरे झालं," तो म्हणाला, पण आवाजातली धार उतरली होती. "डाव्या हातात मला शीर मिळणार आहे का, ते सांगा."

सिस्टरने डाव्या दंडाला रबराचा पट्टा बांधला. सुईबाईने पट्टीतून बाहेर आलेली उजवी तर्जनी डाव्या हातावर ठेवली आणि डोळे मिटले. मनगटाजवळ काही नाही. वर सरकली. कोपराच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला, कातडीखाली काहीतरी दबलं आणि पुन्हा वर आलं.

"इथे. खोल आहे. सुई थोडी तिरपी."

पहिल्या झटक्यात रक्त आलं. "वा!" सिस्टर म्हणाली. "इथेच नोकरी धरा की."

ती शीर बारीक होती, फार वेळ टिकणारी नव्हती, हे सुईबाईला बोटानेच सांगितलं होतं. हे त्याला सांगायला हवं, असं तिला वाटलं. पण मास्क तोंडावर आला आणि वाक्य अर्ध्यातच विरलं.

जाग आली तेव्हा घसा खरवडल्यासारखा दुखत होता आणि पोटापेक्षा उजवा पाय जास्त ठणकत होता. पाय का? तिने मान वळवायचा प्रयत्न केला. डावा हात कोपराखाली फुगून टम्म झाला होता. उजवा हात दिसेना, चादरीखाली होता. तिने बोटं हलवली. मग अंगठ्याने चाचपडत चाचपडत चिकटपट्टीची कड शोधली, तिच्यावरून अंगठा फिरवला. कड अखंड होती.

भूलतज्ज्ञ दुपारी आला. पलंगाजवळचं स्टूल ओढून बसला. तो बसेल असं तिला वाटलं नव्हतं.

"डावी शीर मध्येच गेली," तो म्हणाला. "सलाईन आत जाण्याऐवजी हातात साचत होतं. भूल गॅसवर चालू होती, त्यामुळे तुम्ही जाग्या होणार नव्हता. पण बीपी उतरत होतं आणि औषध द्यायला रस्ता नव्हता."

"मग?"

"मग माझा हात तुमच्या उजव्या हाताकडे गेला. खरं सांगतो, सवयीने गेला. सिस्टरला म्हटलं, कात्री. ती म्हणते, देते, पण आधी पाय बघायचा ठरलं होतं ना?" त्याने कपाळ चोळलं. "पायात दुसऱ्या खेपेला मिळाली."

"किती वेळ गेला?"

"चार मिनिटं."

"आणि बीपी?"

त्याने आकडा सांगितला. तिला तो फार आवडला नाही. चार मिनिटं. काही मिनिटांचा उशीर एखाद्या माणसाला काय करू शकतो, हे ती रोज लॅबच्या रिपोर्टांत वाचत होती. आपण मागितलं ते आपल्याला मिळालं होतं, आणि त्यासाठी एवढं मोजावं लागलं होतं.

"रक्तस्राव होत असता तर?" तिने विचारलं.

"तर पहिल्या मिनिटाला कापलं असतं."

"बरोबर," ती म्हणाली. "ती शीर टिकणार नाही हे मला कळलं होतं. सांगायचं राहिलं."

"मलाही कळायला हवं होतं." तो उठला. फाइल उघडून त्याने 'शक्यतो'वर काट मारली आणि दोन ओळी लिहिल्या: पर्यायी जागा पाय, उजवा हात फक्त जीव धोक्यात असल्यास. या वेळी त्याने फाइल तिच्या बाजूला वळवून धरली, आणि जाताना ऑफिसात नोंद करायला खाली घेऊन गेला.

नवऱ्याने पट्टी सोडली. तिने आणलेल्या टेपने मनगट, कोपर, दंड मोजला. आकडे सकाळी पट्टी बांधण्याआधी मोजलेलेच होते.

"झालं ना? सुटलीस."

"आज नाही कळत. यायची तर नंतरही येते सूज."

"मग नंतरही मोजू. आता तरी डोळे मीट."

तो चहा प्यायला गेला. संध्याकाळी पाळी बदलली आणि नवीन नर्स बीपीचं यंत्र ढकलत आली. कोवळी, भराभर काम उरकणारी. डावा हात सुजलेला पाहून ती वळसा घालून इकडे आली आणि उघड्या उजव्या दंडाखाली पट्टा सरकवू लागली.

"या हाताला नको," सुईबाई म्हणाली. घशातून नुसती खरखर आली. नर्सला ऐकूच गेलं नाही. सुईबाईने दंड अंगाशी ओढून घेतला. पोटातले टाके चरचरले. "या हाताला नको."

"अहो ताई, मिनिटभर फक्त. दुसरा बघा ना कसा झालाय."

"पायाला लावा."

"पायाला? कोणी सांगितलं?"

"फाइलमध्ये लिहिलंय."

"फाइल खाली गेलीय."

"मग मी सांगतेय."

नर्सने तिच्याकडे पाहिलं, हातातल्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि सुस्कारा टाकून पलंगाच्या पायथ्याशी गेली. चादर वर केली.

"डाव्या," सुईबाई म्हणाली. "उजव्यात सुई आहे."