भरला डरम
"बायकोच्या हातानं गुंड्या लावून घ्यायला लाज वाटत न्हाई, अन् आईनं घास पुढं केला की तोंड भिताडाकडं! कोन्या गावचा पाव्हना हाईस रं तू?"

चतुराबाईने ताट आपटलं. अंगदने मान वर केली नाही. शालू त्याच्या सदऱ्याची शेवटची गुंडी लावत होती. त्याच्या उजव्या हाताला आता अंगठा आणि करंगळी, एवढंच उरलं होतं. जखम कधीच भरली होती, पण घरातलं कुणी त्या हाताकडे सरळ बघत नसे.

"आत्याबाई, आज तरी राहू द्या," शालू हळूच म्हणाली.

"आज काय सन हाय?"

आज काय आहे, ते तिघांनाही ठाऊक होतं.

बदनापूरच्या पलीकडे, सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये अंगद अकरा वर्षं डरम हलवायचं काम करत होता. भरला डरम म्हणजे दोन क्विंटलचं धूड. तो उचलायचा नसतोच. समोरच्या काठावर दोन्ही तळवे टेकवून आपल्याकडे झुकवायचा. एका जागी येऊन तो असा तोलतो, की वजन गेलं कुठे असं वाटावं. मग खालच्या कडेवर फिरवत, हात बदलत न्यायचा. पाय खाली येऊ द्यायचा नाही. आणि तोल गेला, की सोडून द्यायचा आणि मागे सरायचं. मुकादम तातेरावने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

अंगद सगळं शिकला, एवढं शेवटचं सोडून.

ते त्याला आईने शिकू दिलं नव्हतं. चतुराबाईच्या घरात तेल सांडणं म्हणजे दारात संकट बोलावणं. लहानपणी वाटी लवंडली म्हणून तिने पोराला संध्याकाळपर्यंत उंबऱ्याबाहेर बसवलं होतं. पुढे त्याच मिलमध्ये सरकी झाडता झाडता तिनेच त्याला कामाला चिकटवलं, आणि वर दहा माणसांत ठणकावलं, "माझ्या लेकाच्या हातून थेंब सांडायचा न्हाई. सांडला तर माझं नाव बदला!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी ओल्या फरशीवर डरम निसटला. अंगदने सोडला नाही. दोन डरमांच्या मध्ये हात गेला. तेल मात्र थेंबभरही सांडलं नाही.

आता मालकाचं म्हणणं एवढंच होतं: आज एक भरला डरम शेडपासून ट्रकपर्यंत नेऊन दाखवावा. जमलं तर जागा त्याची. नाही तर उद्यापासून दुसरा माणूस. अंगदला दुसरं काम येत नव्हतं, आणि तसला हात बघून दुसरं काम कुणी देतही नव्हतं.

"म्या बी येनार," चतुराबाईने पदर खोचला.

"माय, तू कशाला?"

"तुझी वरात बघायला."

मिलच्या फाटकात तातेराव सामोरा आला. "या मावशी. तुम्ही कशाला तरास घेतला?"

"का? माझ्या येन्यानं मिल झिजली का तुमची? पंधरा साल झाडली म्या ही." तिची नजर कोपऱ्यात गेली. डरम वाहायची लोखंडी गाडी एका चाकावर कलंडून पडली होती. "मानसाचा हात गेला, तातेराव. गाडीला चाक मिळंना व्हय अजून?"

"मालकाला सांगूनच राह्यलो, मावशी."

"सांगा, सांगा. दुसऱ्याचा हात जाईस्तोवर सांगा."

काम थांबवून माणसं भिंतीशी उभी राहिली. अंगदने डावा तळवा काठावर ठेवला. उजव्या हाताचं मनगट टेकवलं. पाय मागेपुढे रोवले आणि ओढलं. पहिल्यांदा डरम हलला नाही. दुसऱ्यांदा हलला, झुकला, आणि त्या एका जागी येऊन उभा राहिला.

"शाबास!" कुणीतरी म्हणालं.

अंगद चालू लागला. दोन पावलं. चार. कडा फरशीवर घरंगळत होती. चतुराबाईला वाटलं, झालं, नेला पोरानं. सातव्या पावलाला हात बदलायची वेळ आली. उजवा हात काठावर गेला. पण धरायला बोटंच नव्हती. डरम पलीकडे झुकला.

"अंगद!" तातेराव ओरडला.

चतुराबाईच्या तोंडात 'धर' आलं होतं. पण तिने दात असे आवळले, की जबडा दुखला.

अंगदने दोन्ही हात काढून घेतले. दोन पावलं मागे सरला. डरम दणकन आडवा झाला, बूच उडालं, आणि पिवळं तेल भडाभडा वाहत त्याच्या चपलांपर्यंत आलं.

तातेराव चाचरत म्हणाला, "मावशी, म्या तरी काय करू? मालकाला आता काय..."

"तुम्हाला कोन काय म्हनलं?"

अंगद खाली मान घालून उभा होता, उंबऱ्याबाहेर बसवलेल्या पोरासारखा. भिंतीशी उभ्या माणसांनाही तिच्या तोंडाचा पट्टा ठाऊक होता. तो कधी सुटतो, याचीच सगळे वाट बघत होते. चतुराबाई तेलात पाय देत त्याच्यापाशी गेली. तिने त्याचा उजवा हात धरला, सगळ्यांदेखत, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"बराबर केलंस. त्या दिशी धरून ठेवलास, ती चूक माझी व्हती."