'छान'वर सरकवलेला काटा

मित्रांनो, कोणी टिचकी मारली म्हणून मला कधी राग आला नाही. उलट इतकी वर्षे मी टिचक्यांवरच जगलो. मी एक जुना वायुभारमापक आहे. पितळी कडा, जाड काच आणि आत एक काळा काटा, एवढाच माझा पसारा. दूर उत्तरेकडच्या हॅरिस बेटावर ॲनाबेल मॅकास्किल नावाच्या बाईच्या घरी, दाराजवळच्या भिंतीवर, ओले कोट टांगायच्या खुंट्यांशेजारी मी लटकत असे. तिथे मला कोणी वायुभारमापक म्हणत नसे. सगळे नुसते 'काच' म्हणत. "काच काय म्हणतेय आज?" या प्रश्नाने त्या घराचा दिवस सुरू होई.

माझा जन्म ग्लासगोच्या एका अरुंद कारखान्यात झाला. तिथल्या चष्मेवाल्या कारागिराने वळ्यावळ्यांच्या पातळ पत्र्याची एक चपटी डबी घेतली आणि तिच्यातली हवा काढून टाकली. म्हणजे जन्मापासून माझे पोट रिकामे. बाहेरची हवा जड झाली की डबी दबते, हलकी झाली की फुगते, आणि त्यावर काटा हलतो. हवा हलकी होत चालली की समजावे, वादळ वाटेत आहे. कारागिराने माझ्या चेहऱ्यावर पाच शब्द कोरले: वादळ, पाऊस, बदल, छान, कोरडे. यातला 'कोरडे' त्याने उगाचच कोरला. हॅरिसमध्ये मी तिथवर आयुष्यात दोनदाच पोहोचलो, आणि दोन्ही वेळा घरातल्यांना वाटले की मी बिघडलो.

शेवटी कारागिराने माझ्या पाठीत एक बारीकसा स्क्रू बसवला. मला डोंगरावरच्या गावी नेले तर काटा तिथल्या हवेशी जुळवून घेता यावा, यासाठी ती सोय होती. तो स्क्रू पिळला की हवा तीच राहते, फक्त काटा सरकतो. हा स्क्रू लक्षात ठेवा, मित्रांनो. माझी सगळी कहाणी त्याच्याभोवतीच आहे.

ॲनाबेलच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो. पुढे तिचा नवरा छातीच्या आजाराने गेला आणि वरच्या दोन खोल्यांत ती उन्हाळी पाहुणे ठेवू लागली. शेजारीच तिचा दीर फिनले राहत असे. त्याची बोट होती. रोज सकाळी सात वाजता तो यायचा, टोपी काढायचा आणि माझ्या काचेवर मधल्या बोटाने दोन टिचक्या मारायचा. काटा जरा आळशी असतो. टिचकी बसली की तो हलतो आणि हवा ज्या बाजूला चालली आहे त्या बाजूला सरकतो. फिनले म्हणायचा, "काटा उभा कुठंय ते बघू नका. निघालाय कुठं ते बघा."

रविवारी मात्र तो टिचकी मारत नसे. रविवार देवाचा. त्या दिवशी बेटावर बोट पाण्यात जात नसे, दोरीवर कपडा दिसत नसे, रेडिओवर शनिवारीच कापड पडे. बटाटेसुद्धा आदल्या दिवशी सोलून ठेवलेले. हवाही देवाचीच, तेव्हा रविवारी तिची चौकशी कशाला, असा फिनलेचा हिशोब.

पाहुणे यायचे ते जुलैत. ग्लासगोचे कारखाने जुलैत पंधरा दिवस बंद असत. वर्षभर धूर खाल्लेली माणसे मग बोटीने आमच्याकडे यायची. पहिल्या दिवशी दारातच उभी राहून म्हणायची, "काय ही हवा! काय ही वाळू, आणि एक चिटपाखरू नाही!" रात्री दहा वाजता उजेडात पोरे किनाऱ्यावर पळायची. शेकोटीत पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, जळत असे, त्याचा वास त्यांच्या लोकरी बंड्यांत बसून ग्लासगोपर्यंत जाई. ओटच्या पिठात घोळून तळलेले हेरिंग मासे खाऊन ती माणसे सुस्कारे सोडायची.

चौथ्या दिवशी सूर बदलायचा. पाऊस थांबतच नसे. मोजे वाळत नसत, पत्त्यांच्या डावात भांडणे लागत. एकाने ॲनाबेलला विचारले होते, "बाई, इथं उन्हाळा असतो तरी कधी?" ती म्हणाली होती, "गेल्या वर्षी मंगळवारी होता." वारा असला की पाऊस, वारा पडला की चिलटे. आणि राग सगळा माझ्यावर. जणू पाऊस माझ्याच पोटातून पडतो! एका गृहस्थाने तर मला छत्रीचे टोक मारले. त्याचा ओरखडा अजून आहे.

एका वर्षी आलेले रेनी कुटुंब मी कधी विसरणार नाही. डगी रेनी जहाजबांधणीच्या गोदीत जोडकाम करायचा. त्याची बायको मोरीन, सहा वर्षांची शीना आणि कडेवरचे तान्हे बाळ. मोरीन फार बारीक लक्ष ठेवणारी आई होती. शीनाच्या गळपट्ट्याची गाठ, चादरीचा ओलसरपणा, बाळाच्या श्वासातली घरघर, सगळीकडे तिचे कान आणि डोळे. डगी तिला चिडवायचा, "तू तर या काचेपेक्षा जास्त वादळं दाखवतेस, बाई!"

किनाऱ्यासमोर एक छोटे बेट आहे. ओहोटीला वाळू उघडी पडली की तिथे चालत जाता येते. पलीकडच्या खडकांवर सील लोळतात. डगीने शीनाला वचन दिले होते, "काचेचा काटा 'छान'वर आला की त्याच दिवशी सील बघायला जायचं. शप्पथ."

झाले! त्या दिवसापासून शीना स्टूल ओढून माझ्यापुढे उभी राहू लागली. सकाळी टिचकी, जेवल्यावर टिचकी, झोपताना टिचकी. मी 'पाऊस'वर. दुसऱ्या दिवशीही 'पाऊस'वर. तिचे इवलेसे बोट लाल व्हायचे. मला वाटायचे, एक दिवस तरी हिच्यासाठी सरकावे. पण मी हवेचा नोकर. माझ्या मनाने मला केसभरही हलता येत नाही.

शनिवारी, त्यांच्या सुट्टीच्या बाराव्या दिवशी, माझा काटा 'पाऊस' ओलांडून 'वादळा'कडे घसरू लागला. शीनाने टिचकी मारली, पाहिले आणि स्टुलावरच बसून रडू लागली. आवाज न करता. सोमवारी त्यांची परतीची बोट होती.

ॲनाबेल स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिला स्वतःचे मूल नव्हते. शीना पाय धुवायला वर गेली तशी ॲनाबेलने मला खुंटीवरून उतरवले, केसातली पिन काढली आणि माझ्या पाठीतला स्क्रू पिळला. 'पाऊस' गेला, 'बदल' गेला, काटा 'छान'च्याही पुढे जाऊन थांबला. मला परत टांगत ती स्वतःशीच पुटपुटली, "एक दिवस हसू दे पोरीला. उद्या रविवार, कोण कुठं जातंय? परवा सकाळी फिनले यायच्या आत नीट करीन."

मित्रांनो, तिच्या मनात काही वाईट नव्हते. हॅरिसमध्ये रविवारी माणूस चर्चला जातो आणि घरी येतो. रविवारी कोणी समुद्रावर जाईल, हे तिच्या डोक्यातच आले नाही. पाहुणे ग्लासगोचे आहेत, हे ती विसरली.

रात्रभर हवा हलकी होत गेली. मी खाली घसरत राहिलो. पण घसरून घसरून पोहोचलो कुठे, तर 'छान'वर! आणि सकाळी ऊन पडले. वादळाआधी कधी कधी असे फसवे, धुतल्यासारखे ऊन पडते. ॲनाबेल आणि फिनले बाराच्या प्रार्थनेला चर्चला गेले. त्यानंतर शीना खाली आली आणि तिने मला पाहिले.

"बाबा! छान! काच छान म्हणतेय!"

डगीने टिचकी मारली. काटा जरासा मागे सरकला.

"डगी," मोरीन लगेच म्हणाली, "मागे गेला बघ तो."

"अगं, मागे जाऊन पण 'छान'वरच आहे ना! बाहेर बघ, ऊन बघ! बारा दिवसांत एकदा."

"मला नाही बरं वाटत. त्या लोकांना विचारून जाऊया."

"ते लोक दोन तास चर्चमध्ये. तोवर अर्धी ओहोटी जाईल." त्याने शीनाला खांद्यावर घेतले. "वचन दिलंय पोरीला. चारच्या आत आलोच."

दार बंद झाले. मी भिंतीवरून ओरडत होतो, पण वायुभारमापकाचे ओरडणे म्हणजे काय? काट्याचे केसभर सरकणे. ते फक्त मोरीनने पाहिले. बाळाला कडेवर घेऊन ती पुन्हा पुन्हा येत होती. टिचकी. मागे. पुन्हा टिचकी. आणखी मागे. 

दोन वाजता ॲनाबेल आणि फिनले परतले. काळे कपडे, हातात बायबल.

"मिस्टर फिनले, डगी आणि शीना बेटावर गेलेत," मोरीन म्हणाली. "हा काटा खाली चाललाय. मघापासून सारखा."

फिनलेने भुवया उंचावल्या, मला दुरूनच पाहिले. "खाली जाऊन जाऊन 'छान'वरच आहे की, पोरी. एवढं घाबरू नकोस. वाळू चारपर्यंत उघडी राहते. येतील चालत."

"वादळ असलं तर?"

"वादळ असलं तर गोष्ट वेगळी. वारा पाणी आत ढकलतो, मग वाळू तास-दीड तास आधीच बुडते. पण काच तसं म्हणत नाहीये. आणि आज रविवार. उगाच शंकेपायी मी बोट नाही काढत."

फिनले चर्चच्या ज्येष्ठांपैकी एक होता. ॲनाबेलचे नाव गावात निर्मळ होते. तिने हातमोजेही काढले नव्हते. मी तिच्याकडे बघत होतो. बोल, बाई. तू बोललीस तरच मला बोलता येईल.

तिने केसातली पिन काढली. मला भिंतीवरून उतरवले.

"काच खोटं बोलतेय, फिनले."

"काय?"

"मी बोलायला लावलंय. काल संध्याकाळी. पोरगी रडत होती, म्हणून." तिने स्क्रू उलटा पिळायला सुरुवात केली. 'छान' गेले. 'बदल' गेले. 'पाऊस' गेला. काटा 'वादळा'वर आला, आणि तोही शब्द मागे टाकून जिथे काहीच कोरलेले नाही तिथे जाऊन थांबला.

 बाळ तेवढे हुंकारले.

फिनलेने रविवारचा काळा कोट घातलेलाच होता. तो दाराकडे वळला. ॲनाबेल म्हणाली, "रविवार आहे..."

"खड्ड्यात पडलेलं मेंढरू रविवारी बाहेर काढू नये, असं कुठल्या पानावर लिहिलंय?" तो म्हणाला. "ज्या दिवशी टिचकी मारायला हवी होती, त्या दिवशी मी मारली नाही. बाजूला हो."

मग वारा आला. तुम्ही घरात बसून वादळ ऐकले असेल, पण ते पोटात घेऊन बसला नसाल. दार धडधडत होते. मोरीनने बाळ ॲनाबेलच्या मांडीवर दिले आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली.  तीन वाजले. चार वाजले. पाच. मला फक्त भिंत, खुंट्या आणि बंद दार दिसत होते. मी अचूक होतो, मित्रांनो, अगदी अचूक. आणि माझ्या अचूकपणाचा आता काडीचाही उपयोग नव्हता.

सहाला दार उघडले. पाणी आधी आत आले, मग माणसे. शीना फिनलेच्या काळ्या कोटात गुंडाळलेली होती. परतताना भरतीने गाठल्यावर ती आणि डगी वाटेतल्या एका खडकाच्या माथ्यावर चढले होते, तिथे ते फिनलेच्या बोटीला सापडले. पाणी डगीच्या कमरेला लागले होते आणि शीना त्याच्या खांद्यावर होती. डगी खुंट्यांखाली जमिनीवर बसला आणि कोटांत तोंड लपवून रडला.  मोरीनने शीनाचे पाय हातात घेतले आणि चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी ॲनाबेलने माझ्या पाठीतल्या स्क्रूवर लाल लाख ओतली. त्या रविवारपासून फिनले सातही दिवस टिचकी मारू लागला. चर्चमध्ये यावर बरीच कुजबुज झाली म्हणे.

आता ती माणसे नाहीत. पाहुणे आजही येतात, पण माझ्यापुढून जाताना खिशातला फोन बघतात. त्यात ऊन दिसले नाही तर दुसरा फोन बघतात, कुठेतरी ऊन सापडेपर्यंत. माझ्या काचेवर धूळ बसली आहे. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. एवढेच मागणे आहे: नको असलेली बातमी कोणी सांगितली, तर त्याच्या पाठीतला स्क्रू शोधू नका. लेकरू हसावे म्हणून तर मुळीच नको.

त्या सोमवारी निघताना पाऊस पडत होता. शीनाने स्टूल ओढले, खोकत खोकत वर चढली आणि माझ्या काचेवर एक हलकी टिचकी मारली.

"आता खरं सांगतोयस ना रे?"

काटा 'पाऊस'वर होता. तिने खिडकीबाहेर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि चौदा दिवसांत पहिल्यांदाच पावसाकडे बघून हसली.