गोष्टीतली मामी

“काऊन वं ऐदे, हात झिजले काय तुहे?”

लहानपणी मामीच्या शेतात कापूस वेचताना तिचा हा आवाज पाठीत धपाट्यासारखा बसायचा. अश्विनी आता चाळिशीला टेकली, इचोड्यात तिचं स्वतःचं शिवणाचं दुकान झालं, पण तो आवाज काही विरला नाही. रविवारी दुपारी गल्लीतली पोरं दुकानात गोळा होत आणि काज-बटण करता करता अश्विनी त्यांना पोरक्या चिमीची गोष्ट सांगे. त्यातल्या खाष्ट मामीच्या तोंडी तिनं आपल्याच मामीचे बोल घातले होते, अगदी हेलासकट.

आज मात्र तीच मामी, मथुराबाई, डोळे दाखवायला भीमपूरहून आली होती आणि कोपऱ्यात चिंध्यांच्या गाठोड्याला टेकून बसली होती. म्हातारीच्या जिवाला लागेल, या धाकानं अश्विनीनं गोष्टीत साखरच पेरली.

“मंग मामी म्हणे, चिमे, माय, येवढ्या कापसातली सरकी काढतं का वं?”

“अय्यो! अशी असते काय मामी?” पोरांतली चंचल ताडकन उठली. फ्रॉक खोचून तिनं कमरेवर हात ठेवले. “काऊन वं ऐदे, हात झिजले काय तुहे? दिवस बुडाच्या आत सरकी काढ, नाई तं उपाशी झोप!”

हुबेहूब! अश्विनीची सुई कापडातच थांबली. मामीकडे बघायचा तिला धीर होईना.

“कंबर आणखी वाकडी कर, पोट्टे,” कोपऱ्यातून आवाज आला. “अन् बोट नाचव. बोट नाचवल्याबिगर बोलणं लागत नाई.”

पोरं हसून लोळली. मथुराबाई गुडघ्यावर हात देत उठली, पदर खोचून बोट नाचवू लागली आणि त्याच भरात चिमी होऊन, खारीला मदतीला बोलवत गाऊही लागली:

“खारी वं खारी, ये माह्या दारी,
सरकी घे तुले, रुई मामीले सारी!”

टाळ्यांनी दुकान दणाणलं. टेबलावरची कात्रीसुद्धा थरथरली.

“आजी,” चंचलनं विचारलं, “ताईची गोष्ट तुमाले कशी पाठ?”

मथुराबाईचं बोट हवेतच राहिलं. “आयकली असंन कुठंतरी,” ती पुटपुटली आणि खाली बसली.

अश्विनीनं दातानं दोरा तोडला.

“माही गोष्ट नाई वं थे,” ती म्हणाली. “हे माही मामी. गोष्ट तिचीच हाये. कापूस येचता येचता मले रडू आलं का सांगे.”