एकदाच उकळलेली गाडी

तुम्हाला पटायचं नाही, पण वकीलसाहेबांची ही जुनी गाडी उभ्या आयुष्यात एकदाच उकळली. रेडिएटरातलं पाणी तापायच्या आधी माझी परवानगी काढतं. हसा खुशाल.

साहेब गेले, आणि त्यांची एकुलती एक लेक गाडी न्यायला आली. तेव्हा मी साहेबांच्याच पोर्चमध्ये गाडीखाली आडवा होतो. गिअरबॉक्सचं काळं तेल घमेल्यात गळत होतं. रेडिएटर धुऊन भरला होता, रबरी नळ्या नव्या घातल्या होत्या. तिला घाट ओलांडून घरी जायचं होतं.

"मिस्त्रीकाका, घाटात गरम नाही ना होणार?"

"ही? जन्मात एकदाच उकळलीय. तू फक्त पहिला गिअर टाकताना क्लच दोनदा दाब. नाहीतर म्हातारी दात खाते."

ती हसली आणि बोनेटपुढच्या फरशीवरच बसली. मग हळूच म्हणाली, "काका, माझ्या लग्नाला बाबा निघाले होते का हो?"

गाडीखाली एक बरं असतं, आपलं तोंड कुणाला दिसत नाही.

लग्न तिनं साहेबांच्या मनाविरुद्ध केलं होतं, घाटापलीकडे. त्यानंतर बापलेकीत शब्द नाही; ती आईला भेटायला यायची ती साहेब कोर्टात असताना. दोघंही सारखीच हट्टी.

"निघाले म्हणजे? नवा कोट घालून! मी शेजारी. अर्ध्या घाटात रेडिएटर फुटला. वाफ अशी की ढगांना वाटलं, भाऊबंद भेटायला आला. मी एक अंडं फोडून आत टाकलं, भोक बंद!"

"अंडं?"

"उकडून निघालं. निम्मं साहेबांनी खाल्लं, निम्मं मी. तोवर गिअरबॉक्सनं मान टाकली. पुढचे सगळे गिअर मेले, रिव्हर्स तेवढा जिवंत. म्हटलं, साहेब, उलटे चढू या. म्हणाले, 'चढव. उलटा का होईना, लेकीच्या दारात जायचंय मला.'"

मी घाईनं पुढे रेटलं, "तुझं गाव दिसायला लागलं होतं गं. आणि नेमकं पेट्रोल संपलं!"

तेलाचं बूच आवळून मी बाहेर सरकलो. ती फरशीवरच्या तांबूस डागावरून अंगठा फिरवत होती. गंजाचं पाणी सांडल्याचा, परातीएवढा जुना डाग.

"आई हा शेवटपर्यंत घासत होती," ती म्हणाली. "विचारलं की म्हणायची, तुझ्या लग्नाच्या दिवशीचा आहे. पुढे बोलायची नाही."

मी हात पुसत राहिलो. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"एकदाच उकळली म्हणालात ना, काका? मग घाटात नाही. इथेच, उभ्या जागी. बाबा आत बसले होते, इंजिन चालू होतं, आणि गिअर टाकलाच नव्हता."